विषाणू गेला, यकृताचं काय?

कावेरीच्या खोऱ्यात कावीळ म्हटलं की आजही पुष्कळांना पहिली आठवते ती कीळानेल्ली. कुंभकोणमजवळच्या इन्नंबूरसारख्या गावात ती शोधायला लांब जावं लागत नाही. भाताच्या बांधावर, पडीक जागेत, पावसानंतर ती आपोआप उगवते. वीत-दीड वीत उंचीचं रोप, आवळ्यासारखी बारीक पानं आणि फांदी उलटी केली की खालच्या अंगाला ओळीनं लगडलेली मोहरीपेक्षा जरा मोठी हिरवी फळं. आपण तिलाच भुईआवळी म्हणतो. मुळासकट उपटायची, स्वच्छ धुवायची, वाटायची आणि अनशापोटी ताकातून घ्यायची, ही रीत तिकडे आणि आपल्याकडे जवळजवळ सारखीच.

या मुलखाशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले टी. माधवराव 1828 साली कुंभकोणमलाच जन्मले. तेव्हा तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजी होते. त्यांनी धन्वंतरी महाल उभारला. तिथे निरनिराळ्या वैद्यक पद्धतींच्या औषधांची पारख होई, आणि डोळ्यांच्या रुग्णांची टिपणंही ठेवली जात. औषध दिलं, मग पुढे काय झालं तेही लिहून ठेवलं, हा शिरस्ता मला फार मोलाचा वाटतो. हिपॅटायटिसच्या उपचारानंतर यकृत कसं भरून येतं याबद्दलचे बहुतेक गैरसमज ‘पुढे काय झालं’ हे न पाहिल्यानंच रुजले आहेत.

मुळात विषाणू आटोक्यात येणं ही एक गोष्ट आहे आणि यकृत सावरणं ही दुसरी. पहिली काही आठवड्यांत किंवा महिन्यांत होते, दुसरीला वर्षं लागतात. या दोन्हींची गल्लत झाली की माणूस एक तर फार लवकर निर्धास्त होतो, नाही तर विनाकारण आशा सोडतो.

गैरसमज : भुईआवळीनं कावीळ उतरते, मग जुनाट हिपॅटायटिसवरही तीच पुरे.

कावीळ हे लक्षण आहे, आणि ती आणणारे विषाणू एका जातीचे नाहीत. दूषित पाण्यातून येणारे ए आणि ई हे विषाणू बहुतेकांच्या शरीरातून काही आठवड्यांत आपले आपण निघून जातात. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, ती या पाण्यातून पसरणाऱ्या प्रकारातली. अशा आजारात पाला घेतला, गळ्यात माळ घातली किंवा चुन्याच्या निवळीत हात धुवून ‘कावीळ उतरवून’ घेतली, तरी बहुतेक माणसं बरी होतात, आणि श्रेय मात्र उपायाला मिळतं. त्या निवळीचं पाणी पिवळं होतं ते हाताला आधी चोळलेल्या आंब्याच्या सालीच्या रसामुळे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे गावोगाव करून दाखवलं आहे.

बी आणि सी यांची गोष्ट वेगळी. ते रक्तातून, न उकळलेल्या सुयांतून, बाळंतपणात आईकडून बाळाकडे, तर बी शरीरसंबंधातूनही पसरतो. प्रौढ वयात बीची लागण झाली तर 95 टक्क्यांच्या आसपास माणसं त्यातून मोकळी होतात, पण जन्मतः लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम ठोकतो. सी बहुतेकांत जुनाट होतो. आणि हा जुनाट आजार वर्षानुवर्षं डोळे पिवळे न करता यकृत पोखरत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात बीचे सुमारे 2 कोटी 98 लाख आणि सीचे 55 लाख रुग्ण होते. यांतल्या फार मोठ्या संख्येला स्वतःला काही झालंय याचा पत्ताच नसतो.

भुईआवळीला कुणी शास्त्रीय कसोटीवर पाहिलंच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. ही हकिगत तमिळनाडूतलीच आहे आणि ती नीट सांगायला हवी. हिपॅटायटिस बीचा शोध लावून 1976 चं नोबेल मिळवणारे बरूच ब्लुमबर्ग आणि मद्रासचे एस. पी. त्यागराजन व त्यांचे सहकारी यांनी मिळून तिची चाचणी घेतली. 1988 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ती छापून आली. वाळवलेल्या वनस्पतीची 200 मिलिग्रॅमची पूड दिवसातून तीनदा, 30 दिवस. औषध घेतलेल्या 37 जणांपैकी 22 जणांच्या रक्तातला विषाणूचा पृष्ठभागावरचा अंश, म्हणजे आपण ज्याला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणतो तो, नाहीसा झाला. औषध नसलेली, नुसतीच कॅप्सूल घेतलेल्या 23 जणांत असं एकच माणूस निघालं. जगभर खळबळ उडाली, आणि ते साहजिकच होतं. खेड्यातल्या बांधावर फुकट मिळणारं रोप जर हे करत असेल, तर त्याहून मोठी गोष्ट कोणती?

मग इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला. 1990 मध्ये थायलंडमधल्या चाचणीत तसा परिणाम दिसला नाही, पुढच्या अनेक चाचण्यांतही नाही. 2011 मध्ये सगळ्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा ही वनस्पती नुसत्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरते असं म्हणायला पुरेसा आधार सापडला नाही. मला या प्रकरणात संशोधकांचा दोष दिसत नाही. त्यांनी आकडे मांडले, म्हणून तर इतरांना ते पडताळता आले. दोष आहे तो 1988 चा अर्धा भाग सांगून बाटल्या विकणाऱ्यांचा.

‘वनस्पती आहे, अपाय तर होणार नाही’ हेही खरं नाही. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा घेतलेल्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. पुढे इतर शहरांतूनही तशा नोंदी आल्या. ज्याचं यकृत विषाणूनं आधीच थकलंय, त्यानं कुठलाही काढा, भस्म किंवा ‘लिव्हर टॉनिक’ घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. टॉनिकांत सर्रास असणाऱ्या सिलिमरिनची सीच्या 154 रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली. 2012 मध्ये निकाल आला: नेहमीपेक्षा जास्त मात्रा देऊनही काही फरक नाही.

गैरसमज : सिरॉसिस झाला म्हणजे संपलं, यकृत परत पहिल्यासारखं होत नाही.

हा गैरसमज लोकांचाच नाही. पूर्वी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही असंच शिकवलं जायचं. तेव्हा त्यात चूक नव्हती, कारण मूळ कारण थांबवण्याचं साधनच हाताशी नव्हतं.

यकृतात काय होतं ते आधी पाहू. पेशींवर सतत मार बसत राहिला की तिथल्या ‘स्टेलेट’ नावाच्या पेशी जाग्या होतात. एरवी त्या अ जीवनसत्त्व साठवून स्वस्थ बसलेल्या असतात. जाग्या झाल्या की त्या कोलॅजेनचे धागे विणू लागतात. जखम भरायला हे धागे लागतातच. पण मार वर्षानुवर्षं थांबलाच नाही, तर धाग्यांचे पट्टे होतात आणि पट्ट्यांनी वेढलेल्या गाठी होतात. याला फायब्रोसिस म्हणतात, आणि त्याची शेवटची पायरी म्हणजे सिरॉसिस. इन्नंबूरच्या भातखाचरांत बांध असतात म्हणून पाणी ठरल्या वाटेनं फिरतं. पण कुणी खाचरांच्या मधोमध मनाला येईल तसे नवे बांध घालत गेलं, तर काही वाफे कोरडे पडतील आणि मागे पाटात पाणी तुंबून भलतीकडून फुटेल. सिरॉसिसमध्ये रक्ताचं हेच होतं. आतड्यांकडून यकृतात येणारं रक्त अडतं, दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, पोटात पाणी साठतं.

विषाणूचा मार थांबला की नवे बांध घालणं थांबतं. जाग्या झालेल्या स्टेलेट पेशींपैकी बऱ्याच मरून जातात, काही पुन्हा स्वस्थ होतात. यकृतातल्या सफाई करणाऱ्या पेशी कोलॅजेन विरघळवणारी द्रव्यं सोडतात, आणि त्या द्रव्यांना आवर घालणारे घटक आता कमी झालेले असतात. सुईनं काढलेला यकृताचा तुकडा कोलॅजेन निळं दाखवणारा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर हा फरक डोळ्यांना दिसतो. उपचाराआधीच्या काचपट्टीवर गाठींभोवती जाड निळे पट्टे असतात. पाच वर्षांनंतरच्या काचपट्टीवर त्याच माणसाच्या यकृतात ते धाग्याइतके बारीक झालेले, मधेच तुटलेले, आणि त्या फटींतून यकृताच्या पेशी पुन्हा एकमेकींना भिडलेल्या.

2013 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आलेला अभ्यास यातला सगळ्यात बोलका. हिपॅटायटिस बीच्या 348 रुग्णांची टेनोफोव्हिर ही विषाणूविरोधी गोळी सुरू होण्याआधी आणि पाच वर्षांनंतर, अशी दोनदा बायॉप्सी झाली होती. सुरुवातीला 96 जणांना सिरॉसिस होता. पाच वर्षांनी त्यांपैकी 71 जणांच्या तुकड्यात सिरॉसिस उरला नव्हता. चौघांपैकी जवळजवळ तिघं! हिपॅटायटिस सीमध्येही, नव्या गोळ्या यायच्या आधी इंटरफेरॉननं बरे झालेल्या सिरॉसिसच्या 38 रुग्णांत, सुमारे पाच वर्षांनी 61 टक्क्यांचा सिरॉसिस मागे हटलेला दिसला.

पण उरलेल्यांचं काय, हे सांगितलं नाही तर मीही अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. जुन्या, जाड पट्ट्यांतले कोलॅजेनचे धागे एकमेकांत घट्ट जोडले जातात, आणि ते विरघळवणं शरीराला जड जातं. बिघडलेल्या रक्तवाहिन्यांची मांडणीही सहजी पूर्ववत होत नाही. शिवाय वजन फार असेल, मधुमेह असेल किंवा दारू चालू असेल, तर विषाणूचा मार थांबून दुसरा चालूच राहतो. टेनोफोव्हिरच्या अभ्यासातही ज्यांचा सिरॉसिस हटला नाही त्यांत जास्त वजनाचे रुग्ण जास्त होते. आपल्याकडे सीचा तिसरा उपप्रकार सर्वाधिक आढळतो आणि तो स्वतःच यकृतात चरबी साठवतो, म्हणून हा मुद्दा आपल्यासाठी आणखी महत्त्वाचा.

पोटात पाणी होऊन गेलंय, रक्ताची उलटी झालीय, अधूनमधून गुंगी येते, अशा अवस्थेत उपचार सुरू झाला तर? तेव्हाही तो व्यर्थ नसतो. युरोपात यकृतरोपणाच्या यादीत असलेल्या सीच्या 103 रुग्णांना नव्या गोळ्या दिल्या, तेव्हा सुमारे एक पंचमांश इतके सुधारले की त्यांची नावं यादीतून काढता आली. मात्र बाकीच्यांना रोपणाची गरज उरलीच. ‘गोळ्या चालू आहेत, आता रोपणाचं नाव नको’ असं घरच्या घरी ठरवणं या टप्प्यावर जिवावर बेतू शकतं.

गैरसमज : एसजीपीटी नॉर्मल आला, म्हणजे यकृत बरं झालं, गोळ्या बंद केल्या तरी चालेल.

एसजीपीटी हा रक्ततपासणीतला आकडा यकृताच्या पेशी आत्ता किती फुटताहेत ते सांगतो. आतापर्यंत किती पट्टे तयार झालेत ते सांगत नाही. सिरॉसिस असलेल्या माणसाचाही एसजीपीटी नॉर्मल असू शकतो.

गोळ्यांच्या बाबतीत बी आणि सी यांची सरमिसळ फार होते, आणि ती सर्वांत घातक आहे. सी पूर्ण बरा होतो. सोफोसबुव्हिरबरोबर डॅक्लाटासव्हिर किंवा वेलपाटासव्हिर, बहुतेकांना 12 आठवडे, आणि गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी रक्तात विषाणू सापडला नाही तर रुग्ण विषाणूमुक्त. शंभरातले 95 च्या आसपास लोक बरे होतात. 2015 च्या सुमारास भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या आणि 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत मिळू लागली.

बीचं तसं नाही. त्याचा मूळ साचा यकृताच्या पेशीच्या केंद्रकात दडून बसतो. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर त्याच्या नकला निघणं थांबवतात, साचा मोडत नाहीत. म्हणून रिपोर्टमध्ये विषाणू ‘सापडला नाही’ आला तरी गोळी बहुधा वर्षानुवर्षं, पुष्कळांना जन्मभर घ्यावी लागते. ती मनानं बंद केली की विषाणू उसळून येऊ शकतो, आणि सिरॉसिस असेल तर त्या उसळीत यकृत निकामी होऊन माणूस दगावल्याची उदाहरणं आहेत. गावाकडे जाताना गोळ्या विसरल्या, औषधाचं दुकान लांब होतं, ‘एवढं बरं वाटतंय तर कशाला’ अशा साध्या कारणांनी हे घडतं. सीच्या उपचारादरम्यान दडलेला बी जागा होऊ शकतो, यासाठी सीच्या गोळ्या सुरू करण्याआधी बीची तपासणी करून घेतात.

एक रिपोर्ट मात्र उगाच घाबरवतो. सी बरा झाल्यावरही त्याच्या प्रतिपिंडांची तपासणी पॉझिटिव्हच येत राहते. ती जुन्या लागणीची खूण आहे, चालू आजाराची नव्हे. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत किंवा ऑपरेशनआधी यावरून गोंधळ झाला, तर आरएनए तपासणीचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवावा. मात्र ही प्रतिपिंडं पुढच्या लागणीपासून वाचवत नाहीत. सी पुन्हा होऊ शकतो, आणि त्याची लस अजून नाही. बीची आहे, आणि घरात कुणाला बी असेल तर बाकीच्यांनी तपासणी करून ती घ्यायलाच हवी.

गैरसमज : फायब्रोस्कॅनचा आकडा खाली आला, आता सोनोग्राफीची कटकट नको.

फायब्रोस्कॅनसाठी किमान तीन तास उपाशी राहावं लागतं. रुग्ण उताणा झोपतो, उजवा हात डोक्यामागे घेतो, बरगड्यांच्या मधल्या जागेत जेल लावून यंत्राचं टोक टेकवतात. टिचकी मारल्यासारखा हलका धक्का बसतो. असे निदान दहा धक्के, आणि त्यांवरून यकृताच्या ताठरपणाचा आकडा किलोपास्कलमध्ये येतो. दुखत नाही, पाच-दहा मिनिटांत होतं.

विषाणू गेल्यावर हा आकडा काही महिन्यांतच झपाट्यानं उतरतो. उपचाराआधी 16 होता तो 9 वर आला, की घरात पेढे वाटले जातात. आनंद खोटा नाही, पण या पहिल्या उताराचं मोठं कारण सूज ओसरणं हे असतं. सुजलेलं यकृत मुळातच ताठर लागतं. पट्टे विरघळायला त्यानंतर वर्षं जातात, आणि आकडा पट्ट्यांच्या पुढे धावतो. म्हणून आताच्या आकड्यावरून सिरॉसिस गेला असं धरत नाहीत.

याचा थेट संबंध कॅन्सरशी आहे. विषाणू गेला की यकृताच्या कॅन्सरचा धोका पुष्कळ कमी होतो, सीमध्ये सुमारे 70 टक्क्यांनी. पण ज्याचं यकृत उपचाराआधीच सिरॉसिसपर्यंत गेलं होतं, त्याचा धोका शून्यावर येत नाही, विषाणू जाऊन कित्येक वर्षं झाली तरी. अशांना दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, आणि बरेच डॉक्टर तिच्या जोडीला एएफपी नावाची रक्ततपासणी सांगतात. बीमध्ये तर सिरॉसिस नसतानाही काहींना, विशेषतः घरात यकृताच्या कॅन्सरचा इतिहास असलेल्यांना, ही तपासणी लागते. गाठ दोन सेंटिमीटरची असताना सापडली तर ती काढून किंवा जाळून टाकता येते. दुखायला लागल्यावर सापडली तर बहुधा उशीर झालेला असतो.

गैरसमज : यकृत भरून यायला हवं, तर तेल-तूप, हळद, डाळी, सगळं बंद.

कावीळ म्हणून हळद बंद करण्याला काहीच आधार नाही. पिवळेपणा बिलिरुबिनचा, हळदीचा नव्हे. तीन महिने उकडलेला भात आणि उसाचा रस यांवर काढलेली माणसं यकृतापेक्षा स्नायू गमावून बसतात. सिरॉसिसमध्ये स्नायू झिजणं हीच मोठी डोकेदुखी आहे, म्हणून दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. डाळ, दही, अंडी, मासे, पनीर, जे परवडेल ते. रात्री लांब उपास पडू नये म्हणून झोपताना थोडं काही खावं. पोटात पाणी होत असेल तर मीठ कमी करावं, पापड-लोणच्यापासून सुरुवात करून. कॉफी चालते, कुंभकोणमच्या फिल्टर कॉफीचा अभिमान बाळगणाऱ्यांना सांगायला हरकत नाही की नियमित कॉफी घेणाऱ्यांत यकृताचे आजार कमी आढळतात, फक्त साखर बेतानं. दारू मात्र थोडीही नाही, सणावाराला नाही, लग्नात आग्रहाखातरही नाही.

राहिली फाइल. उपचार संपल्यावर जुने रिपोर्ट रद्दीत जातात, ते जाऊ देऊ नयेत. यकृत किती पुढे गेलं होतं हे उपचाराआधीच्या फायब्रोस्कॅनवरून किंवा बायॉप्सीवरून ठरतं, आणि सोनोग्राफी किती वर्षं करायची तेही त्यावरूनच. पाच वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसलात तर ते विचारतील तो आकडा हाच. तेव्हा तो कागद फाइलमध्ये सर्वांत वर लावा, त्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, आणि घरातल्या आणखी एकाला पाठवून द्या.